पडलेलें जनावर आणि त्याचा धनी

(वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम २३:४-५, नीतिसूत्रें १२:१०, योना ४:११)



गेल्या उन्हाळ्यांत उल्हासनगरास कँप पांचमध्यें आम्ही चार दिवस मुक्कामास होतों. हें शहर कसें वसलें हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं कल्याणजवळ लष्करानें सैनिकांसाठीं बराकी बांधिल्या. युद्ध संपलें, सैन्य गेलें, आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधांतून घरेंदारें सोडून आलेलीं हजारों कुटुंबें त्याच बराकींत येऊन राहिलीं. १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. परंतु लोक अद्याप कँप असेंच म्हणतात, आणि एकपासून पांचपर्यंतचा आंकडा लाविल्यावांचून तेथें कोणाचा पत्ता सांगतां येत नाहीं.

तेथें एका संध्याकाळीं प्रार्थना आटोपल्यावर एक बंधु मागें रेंगाळला. लग्नसराईंत वरातीची बग्गी हांकणें हा त्याचा धंदा. त्याचा बाप टांगा चालवीत असे. त्यानें आम्हांस आपल्या घरामागें नेलें. पत्र्याच्या पडवींत एक पांढरा घोडा उभा होता. पुढचा डावा पाय त्यानें नुसता टेकविला होता, त्यावर भार मुळींच दिला नव्हता. पाठीवर साजाच्या जुन्या जखमेचा वण होता, आणि डोळ्यांवरचे खळगे इतके खोल कीं त्यांत लिंबू राहावें. धन्याच्या म्हणण्याप्रमाणें वय सोळा वर्षांचें. दांत पाहिल्यावर आम्हांस तें विसांच्या पुढचें वाटलें.

"पाळकसाहेब, ह्याला घ्यायला व्यापारी आला आहे," तो म्हणाला. "विटांच्या गाडीला जुंपणार. देऊं कां नको, सांगा."

आमच्या जिभेवर उत्तर तयारच होतें. नीतिसूत्रांचा बारावा अध्याय आम्हीं त्याला सांगितला, आणि जो खरा धार्मिक तो आपल्या मुक्या जनावराचें दुःख जाणतो असा त्यावर अर्थ केला. तो मान खालीं घालून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "वचन बरोबर आहे, साहेब. पण चंदी कोण देणार?"

ह्यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. उद्यां बोलूं, असें म्हणून आम्ही उठलों.

दुसऱ्यास वचन ऐकवून आपण मोकळें व्हावें हें आम्हां उपदेशकांचें जुनें दुखणें आहे, आणि तें आपल्याला जडलेलें नाहीं अशा समजुतींत आम्ही इतकीं वर्षें निश्चिंत होतों. पहांटे उठून मोशेचें नियमशास्त्र उघडलें. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायांत एक लहानसा नियम आहे. वाटेनें जातां जातां आपल्या वैऱ्याचें गाढव ओझ्याखालीं दबून पडलेलें दिसलें, तर तोंड फिरवून जाण्याची मोकळीक इस्राएली मनुष्यास नाहीं, असा त्याचा भाव. हा नियम आम्हीं पूर्वीं अनेकदां वाचला होता आणि शत्रूवर प्रीति करण्याच्या प्रवचनांत उपयोगांतहि आणिला होता. त्या दिवशीं मात्र त्यांतली एक निराळीच गोष्ट ध्यानांत आली. मूळ इब्री शब्दांचा रोंख असा आहे कीं, तें जनावर त्याच्या धन्याच्या सोबतीनें सोडवावयाचें आहे. एकानें एका बाजूनें ओझें उचलावें, दुसऱ्यानें दुसऱ्या बाजूनें. धनी बाजूला बसून राहील आणि वाटसरू राबेल असें तेथें नाहीं. तसेंच वाटसरू जनावर हिसकून नेईल आणि धनी हात चोळीत बसेल असेंहि नाहीं.

आजकाल जनावरांविषयीं बोलणारे बहुधा दोन तऱ्हेचे आढळतात. एकांस घोडा दिसतो, त्याच्या मागें उभा असलेला टांगेवाला दिसत नाहीं. दिसला तर राक्षस दिसतो. दुसऱ्यांस टांगेवाल्याचीं पोरें दिसतात, आणि घोड्याच्या पाठीवरचें क्षत हें पोटाच्या धंद्यांत चालायचेंच असें वाटतें. मोशेनें ह्या दोघांसहि एकाच ओझ्याच्या दोन टोकांस उभें केलें आहे.

कोणी म्हणेल कीं शास्त्रांत गाढवाची व बैलाची कींव आहे, घोड्याची नाहीं. ह्यांत थोडें तथ्य आहे, आणि तें लपविण्याचें कारण नाहीं. पवित्र शास्त्रांत घोडा बहुतेक ठिकाणीं फारोच्या रथाला किंवा स्वाऱ्या करणाऱ्या राजांच्या सैन्यांत दिसतो. राजानें घोडे फार वाढवूं नयेत अशी अनुवादांत ताकीदहि आहे. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायांत घोड्याच्या चाबकाचा उल्लेख आहे, आणि एका गाडीवाल्यानें तो आम्हांस मोठ्या ऐटीनें ऐकविला होता. पण तें वचन मूर्खाच्या पाठीविषयीं आहे. घोडा तेथें उपमेला आला आहे. उपमेवरून कोरडा उगारण्याचा परवाना काढणें म्हणजे पेरणाऱ्याचा दाखला वाचून बीं खडकावर टाकण्यासारखें आहे. उलटपक्षीं शब्बाथाच्या आज्ञेंत पशूंची विश्रांति मनुष्याच्या विश्रांतीच्या शेजारीं बसविली आहे, आणि योनाच्या पुस्तकाचा शेवट तर निनवेंतील गुरांच्या उल्लेखानेंच होतो. एवढ्या मोठ्या शहराचा न्याय करतांना देव त्यांतलीं जनावरें मोजतो. आमच्या मंडळ्यांच्या वार्षिक अहवालांत तीं मोजण्याची चाल नाहीं.

आतां आपल्या मुलखाकडे पाहूं. मुंबईस भुलेश्वराजवळचें पांजरपोळ १८३४ सालीं स्थापन झालें, तें सर जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद ह्यांच्या पुढाकारानें. एक पारशी, दुसरे जैन. पुढें १८७४ सालीं त्या शहरांत दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षीं घोड्यांनीं ओढलेली ट्राम कुलाब्याकडून धांवूं लागली, आणि त्याच वर्षीं जनावरांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी मंडळी मुंबईंत उभी राहिली. परळ येथील जनावरांचें रुग्णालय, ज्याला बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांचें नांव आहे, तें ह्याच मंडळीचें. घोड्यांची ट्राम १९०५ सालीं बंद पडली, दोन वर्षांनीं विजेची सुरू झाली. रुग्णालय मात्र राहिलें. इंग्लंडांत अशा कार्याचा आरंभ १८२४ सालीं झाला, तो आर्थर ब्रूम नांवाच्या एका पाळकाच्या खटपटीनें. मंडळीच्या कर्जापायीं त्या गृहस्थास तुरुंगांत जावें लागलें. त्याच्यामागून त्या मंडळीची धुरा वाहिली ती लुइस गोंपर्ट्झ नांवाच्या यहुदी मनुष्यानें. दया ही आपल्या एकट्या घरची मिरास आहे असें समजणाऱ्यांनीं हीं नांवें ध्यानांत ठेवावीं. शोमरोन्याच्या दाखल्यांत जखमी मनुष्य ज्याच्या पाठीवरून उतारशाळेस गेला तेंहि एक ओझ्याचें जनावरच होतें.

मुंबईंतील व्हिक्टोरिया गाड्यांची हकीकत आपण ऐकिली असेल. जून २०१५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें मौजेखातर फिरविल्या जाणाऱ्या ह्या घोडागाड्या बेकायदेशीर ठरविल्या, त्या बंद करण्यास एक वर्षाची मुदत दिली, आणि त्यांवर पोट असणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना आंखण्यास सरकारास सांगितलें. न्याय योग्य होता असें आमचें मत आहे. डांबरी रस्त्यावर मध्यरात्रीपर्यंत नाल घासणाऱ्या त्या घोड्यांस ज्यांनीं पाहिलें आहे ते ह्यावर वाद घालणार नाहींत. पुढें २०२१ सालीं त्याच रूपाच्या, पण विजेच्या साठ्यावर चालणाऱ्या गाड्या मुंबईच्या रस्त्यावर आल्या. बैठका त्याच, दिवे तेच, पुढें घोडा नाहीं. तथापि गाडी बंद झाली म्हणून घोड्याची भूक बंद होत नाहीं. कज्जाचा निकाल एका दिवशीं लागतो. जनावर त्यानंतर दहा वर्षें जगतें. त्या दहा वर्षांचा धनी कोण, हाच कँप पांचमधल्या बंधूचा प्रश्न होता.

माथेरानावर, बदलापुरापलीकडे नेरळच्या माथ्यावर, हीच अडचण माणसाच्या बाबतींत उभी राहिली. तेथें मोटारगाड्यांस मनाई असल्यामुळें प्रवाशांस घोडा नाहीं तर माणसानें ओढावयाची रिक्षा, एवढींच साधनें पुष्कळ काळ होतीं. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें माणसानें माणूस ओढण्याची ती चाल सहा महिन्यांत बंद करावी असा हुकूम दिला, आणि ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षा देण्याचा मार्ग दाखविला. ओझें काढलें, आणि ओझें वाहणाऱ्याला हातहि दिला. आम्हांस हा निकाल मोशेच्या नियमाच्या फार जवळचा वाटतो.

ह्यापूर्वीं कोणीं हा चंदीचा प्रश्न सोडविला आहे काय? होय. लंडन शहराजवळ १८८६ सालीं ॲन लिंडो नांवाच्या बाईनें घोड्यांसाठीं एक विश्रांतिगृह काढलें. भाड्याच्या गाडीचा थकलेला घोडा तेथें कांहीं आठवडे विसाव्यास ठेवीत, आणि त्याच्या मालकाचा धंदा बुडूं नये म्हणून तेवढ्या काळापुरता दुसरा घोडा त्याला उसना देत. केवढी साधी युक्ति! मालकाला उपदेश करण्यापूर्वीं त्याच्या दारांत घोडा नेऊन बांधावयाचा.

दुसरी बाई डोरोथी ब्रूक. ही १९३० सालीं कैरो शहरीं गेली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याचे हजारों घोडे तेथेंच विकून टाकिले होते, आणि बारा वर्षांनंतर त्यांतले उरलेले खडी आणि दगड ओढीत मरावयास टेकले होते. तिनें १९३१ मध्यें इंग्लंडांतील वृत्तपत्रांत पत्र लिहिलें, पैसा आला, तीन वर्षांत सुमारें पांच हजार घोडे तिनें दाम मोजून विकत घेतले. ज्यांच्याजवळून घेतले ते लोकहि कंगाल होते, हें ती विसरली नाहीं. आणि एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांतल्या बहुतेक घोड्यांस थोडे दिवस पोटभर दाणा, मऊ पेंढा आणि सावली देऊन, मग वैद्याच्या हातून वेदनेशिवाय मरण देण्यांत आलें, कारण त्यांची हाडें दुसऱ्या कशाच्याहि पलीकडे गेलीं होतीं. पुढें १९३४ सालीं तिनें तेथें फुकट इलाजाचें रुग्णालय उघडलें, तें ह्यासाठीं कीं गरिबाचा घोडा त्या दशेस पोहोंचण्यापूर्वींच दारांत यावा.

बदलापुराविषयीं जुनीं माणसें सांगतात कीं, पूर्वीं लांबच्या मजला मारणारे स्वार येथें दमलेले घोडे बदलून ताजे घेत, म्हणून त्या गांवास हें नांव पडलें. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, आम्हांस ती प्रिय आहे. दमलेला मागें राहावा आणि त्याला कोणी तरी पाणी दाखवावें, अशी जागा ह्याच उल्हास नदीच्या कांठीं लोकांनीं कल्पिली तरी आहे.

आतां कांहीं कामाच्या गोष्टी. त्या उपदेशकांनीं गांवोगांव सांगाव्या.

पहिलें, कायदा. १९६० च्या पशुक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणें म्हातारपणामुळें, रोगामुळें किंवा जखमेमुळें कामास अयोग्य झालेल्या जनावरास जुंपणें हा गुन्हा आहे. उपासमार होईल अशा रीतीनें त्याला सोडून देणें हाहि गुन्हा. १९६५ च्या नियमांप्रमाणें घोड्यास दिवसांत नऊ तासांवर आणि सलग पांच तासांवर काम देतां येत नाहीं. पारा सदतीस अंशांवर जातो तेथें दुपारीं बारा ते तीन जुंपतां येत नाहीं. कांटेरी लगामास बंदी आहे. वरातीच्या धंद्यांतल्या बंधूंनीं हें शेवटचें विशेषेंकरून ऐकावें. बँडाच्या आवाजानें आणि फटाक्यांनीं बुजणारा घोडा कांट्यांनीं आंवरून धरावयाचा, आणि त्यालाच नाचरा घोडा म्हणून नवऱ्यामुलाच्या बापाजवळून जास्त पैसे घ्यावयाचे, हा व्यवहार आपल्या घरांत चालतां कामा नये. कायद्यांत पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच लिहिला आहे. एका दिवसाच्या दाण्यालाहि तो पुरणार नाहीं. तेव्हां दंडाच्या भीतीवर विसंबूं नये.

दुसरें, जो कोणी दयेपोटीं असा घोडा आपल्या शेतावर नेतो त्यानें आधीं सरकारी पशुवैद्यास बोलवावें. घोड्यांस ग्लँडर्स नांवाचा एक भयंकर रोग होतो, तो माणसासहि लागतो, आणि रक्त तपासल्याशिवाय कळत नाहीं. तपासणी होईपर्यंत जनावर निराळें बांधावें, त्याची बादली निराळी असावी. खाणें एकदम बदलूं नये. घोड्यास ओकारी होत नाहीं. जें पोटांत गेलें तें पुढेंच जावें लागतें, आणि उपाशी जनावरापुढें कळवळ्यानें घमेलेंभर हरभरा ठेविला तर रात्रींतून पोटशूळानें तें मरतें. असा कळवळा आम्हीं पाहिला आहे. प्रथम गवत, थोडें थोडें, आणि दाणा आठदहा दिवसांत वाढवीत न्यावा. म्हाताऱ्या घोड्याच्या दाढांस टोंकें येतात व गाल सोलतात. त्या वैद्याकडून घासून घ्याव्या आणि कोंडा भिजवून द्यावा. खुर दर सहा ते आठ आठवड्यांनीं नालबंदाकडून तासावे, घोडा काम करीत नसला तरी. घोडा हा कळपांतला प्राणी आहे. एकट्यास झुरणी लागते, निदान एखादी शेळी तरी शेजारीं असावी. आणि त्याला दिवसभर खुंट्याला बांधून ठेवूं नये. घोडा कां अडला, पान कां सडलें, भाकरी कां करपली, ह्या तिहींस आपल्या आजीबाई एकच उत्तर देत, तें आपल्यास पाठ आहे. कांहीं श्रीमान् लोक घोडा सोडविल्याचें छायाचित्र काढवितात आणि मग तो अंगणांत वर्षभर दावणीला कुजतो. त्यापेक्षां टांगा बरा होता असें त्या घोड्यास वाटत असेल.

तिसरें, ज्या जनावरास उठतां येत नाहीं, ज्याचें हाड मोडलें आहे, त्याच्याविषयीं पशुवैद्य शेवटची सल्ला देईल तर ती ऐकावी. आपल्या खेड्यांत ह्या गोष्टीचें भय आहे. लोक म्हणतात, देवानें दिलें तो नेईल, आणि तोंवर कावळे त्याचे डोळे टोंचीत असतात. हें काम वैद्याशिवाय कोणींहि करूं नये, आणि वैद्य सांगत असतां टाळूंहि नये. डोरोथीबाईनें प्रत्येक घोड्याच्या बाबतींत हा निर्णय घेतला तेव्हां तिला तो सोपा गेला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

कँप पांचमधल्या त्या बंधूकडे आम्ही दुसऱ्या दिवशीं गेलों तेव्हां मंडळीचे दोन वडील बरोबर होते. आम्हीं त्याला प्रथम हेंच सांगितलें कीं, काल आम्हीं तुम्हांला अर्धें वचन दिलें. मग हिशेब मांडला. व्यापारी जी रक्कम देत होता ती त्याला मुलीच्या शाळेसाठीं हवी होती. ती मंडळीनें वर्गणी करून दिली. एका म्हाताऱ्या बाईनें कोंबड्या विकून आपला वांटा आणिला, दोघांतिघांनीं नाक मुरडलें. एक जण उघडच म्हणाला कीं मंडळीच्या पैशानें माणसें जेवूं घालावीं, घोडे नव्हेत. त्याच्या बोलण्यांत वजन आहे, आणि त्याच्याशीं आम्ही वाद घातला नाहीं. एवढेंच विचारिलें कीं घोडा गेला असता तर ते पैसे कोणत्या माणसाच्या तोंडीं जाणार होते तें सांगावें. तो अद्याप विचार करीत आहे.

वैद्यानें घोडा तपासला. पायाचा सांधा कायमचा धरला आहे, ओझें ओढणें पुन्हां नाहीं, पण सावकाश चरत फिरण्यास हरकत नाहीं, असें त्याचें मत पडलें. रक्ताची तपासणी निर्दोष आली. बदलापुरापुढें नदीकांठीं आपल्या एका शेतकरी बंधूनें त्याला बांधावर जागा दिली आहे. जवळ दोन बैल आहेत. बग्गीवाला बंधु महिन्यांतून एकदां रविवारच्या उपासनेनंतर तिकडे जातो आणि स्वतः खरारा करितो. तो दिसला कीं घोडा लंगडत कुंपणापाशीं येतो, असें शेतकऱ्यानें आम्हांस सांगितलें. बग्गीला आतां दुसरी तरुण घोडी आहे. तिच्या तोंडांत साधा लगाम आहे, तो आम्हीं स्वतः पाहिला.

चंदीची वर्गणी पावसाळ्यापर्यंतची जमली आहे. पुढच्या चार महिन्यांची जमावयाची आहे.